सेवेचा हिशेब

प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आणि उशाशी कळसूबाई, हरिश्चंद्रगड, हे अकोले तालुक्याचे वैभव. याच तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारी जुलूम आणि इंग्रजी सत्ता यांविरुद्ध शस्त्र उचलले. १८४८ मध्ये ठाण्याच्या कारागृहात ते फासावर गेले. त्याच काळात जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, तेव्हाच्या अहमदनगरात, परकीयांचे एक निराळे ठाणे मूळ धरीत होते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, पाटी-पुस्तक होते.

परदेशी धर्मप्रसारासाठी १८१० मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले. त्याचे प्रचारक गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडू पाहत होते. पण त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. १८३१ मध्ये नगरला केंद्र उघडले. ही माणसे मराठी शिकली. त्यांनी १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढले, मुलींना शिकवले. सिंथिया फरार यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली. हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये.

मात्र सेवेची कसोटी हेतूवर लागते. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. इंग्रजी शाळांतून ज्ञान मिळते, ख्रिस्ती मिळत नाहीत, असे दिसताच बोर्डाने त्या शाळांवरील भर कमी केला. शिक्षण हेच साध्य असते, तर शाळेचे यश बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवर का मोजले गेले असते? पुढे कवी नारायण वामन टिळक यांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि भारतीय वळणाचा ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा अढळ होती; परकीय चाकोरी मात्र त्यांना सोसवली नाही. आपल्याच प्रतिभावंताला असे वाटावे, याचे उत्तर बोर्डाच्या कोणत्या अहवालात मिळणार?

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आपली सुटका नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर या जिल्ह्यात अस्पृश्य मानलेल्या समाजांतील अनेकांनी धर्म बदलला. ते पोटासाठी विकले गेले, असे म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होय. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांना कोणीतरी शेजारी बसवले. दार आपण बंद केले होते. त्यांनी फक्त दुसरे उघडे दार पाहिले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्य जशपूरला सुरू झाले १९५२ मध्ये. नगरच्या केंद्रानंतर तब्बल १२१ वर्षांनी! या विलंबाचा जाब कोणाला विचारावा?

म्हणून निषेधाच्या सभांनी हा प्रश्न सुटणार नाही. अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्याने मुक्काम करावा, तेथील बोली शिकावी, मुलांच्या शाळेची आणि आजाऱ्याच्या औषधाची काळजी वाहावी. आणि हे करताना कोणाचा धर्म, कोणाची जात, कोणाचे मत यांची नोंद ठेवू नये. बोर्डाची चिकाटी घ्यावी, बोर्डाची वही घेऊ नये. मोबदल्यात माणसाचे मन मागते ती सेवा नव्हे, तो व्यवहार होय; तो अमेरिकेहून आलेल्याने केला तरी, आणि आपल्यापैकी कोणी केला तरीही!