कोलेस्टेरॉल, उदासी आणि अर्धेच वाचलेले पान

खरे तर हा लेख विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहायला हवा होता. पण ज्या घटनेमुळे लिहावेसे वाटले ती आमच्याच घरात घडली. तेव्हा कलाशाखेतल्या एका विद्यार्थ्याची ही आगळीक प्राध्यापक मंडळींनी पोटात घालावी.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बाजार समितीत हमाल होते. सव्वीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. गेल्या श्रावणात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी रोज रात्री घ्यायला सांगितली आणि यापुढे पोत्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. चार महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा आकडा छान उतरला होता. आबांचे मन मात्र कशातच रमेना. बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले, सांगितलेले ध्यानात राहीना. "डोक्यात धुकं साचल्यागत झालंया," म्हणायचे.

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सारे कागद माझ्यापुढे येतात. "तू शिकलेला हाईस, बघ काय लिवलंय," एवढे म्हटले की माझे वाचन हा घरातला अखेरचा शब्द. मी मोबाइलवर शोधाशोध केली, इंग्रजीतले एक पान वाचले आणि आबांना मराठीत सांगितले, की मेंदूला कोलेस्टेरॉल लागते आणि ते उतरवले तर माणसाचे मन बिघडते, असे विलायतेत छापून आले आहे. आबांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी आईला गोळ्यांची न फोडलेली पाकिटे कणगीमागे सापडली.

मी खोटे बोललो नव्हतो, हीच त्यातली अडचण. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक एकट्या मेंदूत असतो. १९९० साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मल्डून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला. कोलेस्टेरॉल उतरवलेल्या गटात हृदयविकाराने मरणारे कमी झाले होते, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसा यांत मरणारे वाढले होते. तीन वर्षांनी, सत्तरीपुढच्या ज्या पुरुषांचे कोलेस्टेरॉल कमी त्यांच्यात उदासीची लक्षणे अधिक, असेही प्रसिद्ध झाले. वाचून कोणीही दचकेल. मी दचकलो आणि पान तिथेच मिटले.

पाकिटे सापडल्यावर पुढचे वाचले. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो; रक्तातले तिथवर जवळजवळ पोचतच नाही. म्हणजे रक्तातला आकडा उतरला म्हणून मेंदूची कणगी रिकामी झाली, असे होत नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. गोळी घेणाऱ्यांत १८२ दगावले, न घेणाऱ्यांत २५६. आणि आत्महत्या वा हिंसेचे मृत्यू गोळीने वाढलेले दिसले नाहीत. २००१ साली खुद्द मल्डून यांनी अधिक चाचण्या घेऊन हिशेब पुन्हा केला, तेव्हा ती जुनी वाढ ठामपणे दिसेना. २००२ साली वीस हजारांहून अधिक लोकांवरच्या ब्रिटिश चाचणीत गोळी घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची बुद्धी सारखीच भरली. ज्याने शंका काढली त्यानेच ती पुन्हा तपासली, हे मला फार आवडले. आपल्याकडे निवडणुकीतली माणसे इतके करतील तर काय हवे!

मग त्या उदास म्हाताऱ्यांचे काय? कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही. माणूस खचला की त्याचे अन्नावरचे मन उडते, वजन घटते, आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरते. दीर्घ आजारानेही तसेच होते. म्हणजे उदासी आधी आणि आकडा नंतर, हेही तितकेच शक्य आहे.

याचा अर्थ गोळी घेणाऱ्याची तक्रार उडवून लावावी असा नाही. काही थोड्यांना या गोळ्यांनी विसराळूपणा आणि गोंधळ जाणवतो, गोळी थांबवली की तो बहुधा जातो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने २०१२ साली वेष्टनावर घालायला लावली. पण ती तक्रार डॉक्टरांच्या कानी जायला हवी, कणगीमागे नव्हे.

माझे स्पष्ट मत असे, की आमच्यासारख्या घरांत या गोळीवर आळ येतो तो दुसरे काही बोलायची सोय नसल्यामुळे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे पाचातला एक रुग्ण नैराश्यात जातो. पुस्तक बाजूला ठेवले तरी, ज्याची सारी इज्जत खांद्यात होती त्याला पोत्याला शिवू नको म्हटल्यावर तो हसत बसेल काय? पण सव्वीस वर्षे हमाली केलेला पुरुष "मला भ्या वाटतंय" असे कोणाला सांगणार? "गोळीनं व्हतंय" हे सांगता येते. त्यात लाज नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांना रकाने आहेत. मनाला एकही नाही.

मी आबांना सारे पान पुन्हा वाचून दाखवले आणि माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, "मागल्या खेपेला पण तू असाच जोरात वाचत हुतास." तरीही सोमवारी दवाखान्यात आले. गोळ्या बंद केल्याचे मीच सांगितले. डॉक्टर रागावले, डोस थोडा बदलून दिला, आणि मी डोक्यातल्या धुक्याचे बोललो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून आबांना विचारले, "झोप लागते का हो? दिवसभर मनात काय येतं?"

आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तू जरा भाईर बस."

बाहेरच्या बाकावर मी चांगली पंधरा मिनिटे बसलो. त्या दवाखान्यात, बाहेर एवढी रांग असताना, पंधरा मिनिटे म्हणजे पुष्कळच.