आकडे बोलतात, पण कोणाच्या तोंडून?

‘आकडे खोटे बोलत नाहीत’ असे आपण सहज म्हणून जातो. खरे पाहता आकडे मुळात बोलतच नाहीत. त्यांना कोणीतरी रांगेत बसवतो, रंग देतो, काहींना पुढे आणतो, काहींना मागे ढकलतो. मग ते बोलू लागतात. संगणकाच्या पडद्यावर हे काम करणाऱ्याला आज ‘प्रॉडक्ट डिझायनर’ म्हणतात. पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे तो सजावट करणारा कारागीर. माझे मत असे की तो एक प्रकारचा लेखकच आहे, आणि लेखकाची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही.

हे मत मला पुस्तकातून मिळाले नाही. गेल्या सुट्टीत मी एका लहानशा कंपनीत उमेदवारी केली. शाळांची हजेरी एका दृष्टिक्षेपात दाखवणारे साधन तेथे तयार होत होते. पडद्याची मांडणी माझ्याकडे आली. मी मोठ्या हौसेने विद्यार्थ्यांची उतरत्या क्रमाने यादी लावली. ७५ टक्क्यांच्या वर हिरवी पट्टी, खाली लाल. सर्वांनी वाहवा केली. पुढे ते साधन एका खेड्यातील मुख्याध्यापिकाबाईंना दाखवण्यास आम्ही गेलो. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग तळाच्या लाल पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तुमचा हा लाल रंग नक्की कोणाला रागावतोय?”

मी गप्प बसले. पडद्यावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. हजेरीपटावर जे होते तेच वर आले होते. परंतु ‘का?’ या प्रश्नासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता. जे रकान्यात नाही ते पडद्यावर येत नाही, आणि जे पडद्यावर नाही ते वरच्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. पोटासाठी गाव सोडावे लागणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मी नकळत मुलांचा आळस करून टाकला होता.

त्यानंतर मी आलेखांचा इतिहास चाळला. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराच्या आलेखांचे पुस्तक काढले. त्यात त्याने वर्षानुवर्षांच्या आयात-निर्यातीच्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याला एकाच वर्षाचे मिळाले. तेव्हा रेषेचा हट्ट सोडून त्याने तेथे पट्ट्या काढल्या. आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो त्याची सुरुवात अशी, अपुऱ्या माहितीची प्रामाणिक कबुली देताना झाली. पुढे १८५८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंची आकृती छापली. महिन्यागणिक एक पाकळी. जखमांनी झालेले मृत्यू लाल, टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले निळे. निळा भाग इतका पसरलेला की सैनिकांना शत्रूपेक्षा इस्पितळातील घाणीनेच अधिक मारले हे वेगळे सांगावे लागू नये. त्यांच्या आकृतीत रंग कारण सांगत होता. माझ्या पडद्यावर त्याने कारण झाकले होते.

क्रमाचेही तसेच. २०२० सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने कोरोना रुग्णांचा एक स्तंभालेख प्रसिद्ध केला. त्यात तारखा ओळीने नव्हत्या. स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे लावले होते. साहजिकच साथ उताराला लागल्यासारखी दिसे. टीका झाली, आलेख दुरुस्त करावा लागला. हे वाचून आपण हसतो. पण माझी उतरत्या क्रमाची यादी तरी वेगळे काय करत होती?

शिवाय डोळ्यालाही मर्यादा आहेत. क्लीव्हलंड व मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवले, की एकाच मापपट्टीवरच्या खुणांची तुलना माणूस जितकी अचूक करतो, तितकी कोनांची करीत नाही. म्हणजे देखणा वृत्तालेख पाहून खूश होणारा वाचक नेमके किती समजला, याची शंकाच असते. आणि तांबड्या-हिरव्यातला फरक तर कित्येकांना दिसतच नाही. माझी सारी मांडणी याच दोन रंगांवर उभी होती!

शेवटी आम्ही ती मोडली. क्रमवारी काढून टाकली. ‘गैरहजर’, ‘स्थलांतरित’ आणि ‘नोंद नाही’ असे तीन वेगळे प्रकार केले; शून्य असणे आणि ठाऊक नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पट्ट्यांच्या जागी वर्षभराची रेषा आणली. ती दिवाळीनंतर कशी खचते हे आता कोणालाही दिसावे. आणि शिक्षकांना शेरा लिहिण्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली.

यावर आक्षेप येतो की अधिकाऱ्यांना इतका वेळ कोठे असतो? त्यांना सारे सोपे करून द्यायला हवे. सोपेपणा मलाही हवा आहे. पण धान्य निवडताना खडे काढायचे असतात, दाणे नव्हेत. ज्या चित्राकडे पाहून मनात एकही प्रश्न उठत नाही, ते चित्र सोपे नसते. ते मुकाट्याने आपल्या वतीने निर्णय घेऊन बसलेले असते.

मित्रहो, ‘कला शाखेत शिकून संगणकाच्या धंद्यात तुमचे काय काम?’ असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. संगणकाची भाषा शिकता येते, मीही थोडीफार शिकले. पण मुले कोणत्या महिन्यात गावाबाहेर असतात हे भूगोलाच्या वर्गात कळते. कुटुंब का जाते हे अर्थशास्त्र सांगते. आणि ‘गैरहजर’ हा एक शब्द माणसावर किती अन्याय करू शकतो हे भाषेच्या विद्यार्थ्याला उमजायला हवे. मला स्वतःला मात्र हे बाईंनी विचारेपर्यंत सुचले नव्हते. भूगोल विषय असूनही सुचले नव्हते, याची बोच अजून आहे. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती असा पडदा आला, तर रंग निवडण्यापूर्वी एकदा त्या शाळेत जाऊन या, एवढेच सांगणे.