बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहा

माझ्या भाच्यानं दिवाळीत जुना गेमिंग पीसी घेतला. दोन वर्षं सुट्टीत औषधांच्या दुकानात काम करून साठवलेले पैसे होते ते. बिलावर एकच ओळ: ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन क्लास, १६ जीबी’. आठवड्याभरात तो डबा उचलून माझ्याकडे आला, कारण ‘सायबरपंक २०७७’ गर्दीच्या रस्त्यावर अडखळत होता. मी हीटसिंक काढला, वाळलेली पेस्ट पुसली आणि खालचं नाव वाचलं. झिऑन ई५-२६७०.

माझा जुना सोबती होता तो. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी अठरा वर्षं सर्व्हर सांभाळले. मार्चअखेरीला मध्यरात्री सगळ्या शाखांचा हिशोब मिटवणारा आमचा सर्व्हर याच प्रोसेसरवर चालायचा. २०१२ सालचा, आठ कोअरचा, इमानी प्रोसेसर. आम्ही तो काढला तेव्हा बिघडला नव्हता. देखभालीचा करार संपला, नवीन यंत्रणा आली, एवढंच. अशी यंत्रं आयुष्यभर गार खोलीत, यूपीएसच्या स्वच्छ विजेवर चाललेली असतात. ती भंगारात न जाता एखाद्या मुलाच्या टेबलावर जाणं मला मनापासून योग्य वाटतं. नवा पीसी न परवडणाऱ्या घरांसाठी हा चांगला रस्ता आहे. वस्तू खोटी नव्हती. बिल खोटं होतं.

“मामा, आठ कोअर आहेत की. गेमला तर चार कोअरवालाच मागितलाय,” भाचा म्हणाला. प्रश्न रास्त होता. त्या गेमच्या किमान अपेक्षेत २०२३ पासून आय-सेव्हन ६७०० लिहिलेला आहे. चार कोअर, वेग ३.४ ते ४ गिगाहर्ट्झ. ई५-२६७० चा वेग २.६, फार तर ३.३. मी त्याला बँकेचंच उदाहरण दिलं. सर्व्हरचं काम म्हणजे आठ खिडक्यांवर आठ रांगा. प्रत्येक कारकून सावकाश असला तरी दिवसाअखेर सगळी गर्दी उरकते. गेममध्ये मात्र मुख्य कामाची चिठ्ठी एकाच खिडकीतून पुढे सरकते. तो कारकून हळू असेल तर बाकीचे सात हात बांधून बसतात. शिवाय आय-सेव्हन ६७०० तीन वर्षांनी नवा, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला त्याचं काम जास्त होतं.

म्हणून दुकानदार ‘अठ्ठावीस थ्रेड’ म्हणून ओरडून विकतो तेव्हा सावध व्हावं. गेमसाठी चौदा कोअरच्या ई५-२६८० व्ही४ पेक्षा सहा कोअरचा, ३.५ गिगाहर्ट्झपासून सुरू होणारा ई५-१६५० व्ही३ मी आधी बघेन.

नावाच्या शेवटचं ते ‘व्ही’ तर अजिबात सोडू नये. व्ही२ पर्यंतच्या ई५ मध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना नाहीत. त्या व्ही३ पासून, म्हणजे २०१४ पासून आल्या. एखादा नवा गेम त्या मागत असेल तर कोअर कितीही असोत, तो उघडणारच नाही. २०१० सालच्या झिऑनमध्ये तर साधं एव्हीएक्सही नाही. याच सायबरपंकमध्ये २०२० साली अशा प्रोसेसरवर गेम सुरुवातीच्या भागाअखेर बंद पडायचा. कंपनीनं त्याच डिसेंबरात १.०५ या दुरुस्तीत ती अट काढून टाकली आणि जुन्या यंत्रांवर गेम पुढे सरकला. म्हणजे ठरवलं तर करता येतं. माझं गेम कंपन्यांना सांगणं आहे की किमान अपेक्षेत नुसतं एका मॉडेलचं नाव देऊ नका. कोणत्या सूचना लागतात, किती वेग लागतो, टीपीएम ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट हवं का, तेही लिहा. विंडोज ११ च्या मान्य यादीत हे ई५ नाहीत, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० मागतो. जुनं यंत्र घेणाऱ्या मुलाला हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं.

भाच्याला व्ही४ बसवून देता आला नाही. त्याला बोर्ड वेगळा लागतो आणि रॅमही डीडीआर४. पण पीसी वाया गेलेला नाही. ‘जीटीए फाइव्ह’ त्यावर झकास चालतो. त्याच्या मूळ शिफारशीतला आय-फाइव्ह ३४७० देखील २०१२ चाच. पोराला आधी खरं नाव सांगितलं असतं तर त्यानं हाच पीसी कदाचित कमी पैशांत, खुशीनं घेतला असता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा किंवा आपल्या गावातल्या दुकानात. पैसे देण्याआधी पीसी चालू करायला लावा, स्क्रीनवरचं प्रोसेसरचं नाव ‘व्ही’सकट वाचा आणि तेच नाव बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहायला तयार नसेल तर पैसे खिशात ठेवून परत या.