बालहक्कांचा हिशेब कोण तपासणार?

मुलांचे हक्क पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारी एक आंतरराष्ट्रीय समिति जिनीव्हा येथें बसते, असें सांगितलें म्हणजे आपल्या सुशिक्षित मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘परक्यांनीं आमच्या घरांत कां डोकवावें?’ दुसरा म्हणतो, ‘समिति आहे ना, मग आपण चिंता कशाला करा?’ आमच्या मतें दोन्ही पक्ष सारखेच चुकतात.

पहिल्या पक्षास आम्ही इतकेंच विचारतों कीं, वचन दिलें कोणीं? संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें १९८९ सालीं संमत केलेला बालहक्कांचा करार भारतानें डिसेंबर १९९२ मध्यें आपण होऊन स्वीकारला. दर पांच वर्षांनीं अहवाल धाडण्याचें बंधन त्याच्या ४४ व्या कलमांतच आहे. दिल्या शब्दाची आठवण करून देणाऱ्यास आगंतुक कसें म्हणावें?

दुसऱ्या पक्षाचा भ्रम अधिक घातक आहे. अठरा तज्ज्ञांची ही समिति सरकारनेंच लिहिलेला अहवाल वाचते, स्वयंसेवी संस्थांचे प्रति-अहवाल पाहते, सरकारी प्रतिनिधींस प्रश्न विचारते आणि शेवटीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध करते. तिच्या हातीं दंड नाहीं, जप्ती नाहीं. व्यक्तीची तक्रार थेट समितीकडे नेणारा २०११ चा जोडकरारहि भारतानें स्वीकारलेला नाहीं.

याचा परिणाम पाहा. बालमजुरीविषयींचें ३२ वें कलम आम्ही क्रमाक्रमानें पाळूं, असें निवेदन भारतानें करारास जोडलें. तें मागें घ्या, असें समितीनें २००४ सालीं व पुन्हां २०१४ सालीं सांगितलें. २०१६ च्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सर्व धंद्यांत बंदी केली खरी. परंतु शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबास मदत करण्याची मुभा ठेवली, आणि कुटुंबांत काका, मामा, आत्या, मावशी यांनाहि बसविलें.

आतां बीड जिल्ह्यांतील ऊसतोडीचें कुटुंब डोळ्यांपुढें आणा. मुकादमाची उचल घेऊन नवराबायको, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेंत एक ‘कोयता’, हंगामास निघतात. घरीं सांभाळणारें कोणी नसलें कीं मुलेंहि बरोबर जातात. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावास सांभाळते, पाणी भरते, मोळ्या बांधूं लागते. तिची हजेरी नाहीं, मजुरी नाहीं. म्हणून ती मजूर नव्हे, तिचें काम ही ‘मदत’! शाळेच्या वेळेबाहेर, असें कायदा म्हणतो. परंतु जिची शाळाच गांवीं राहिली, तिची शाळेची वेळ कोणती?

ही मुलगी जिनीव्हास दिसावी कशी? येथल्या वहींत तिची नोंद झाली तरच ती तेथें पोंचेल. आणि ती नोंद व्हावी म्हणून आग्रह धरणें हें, त्या उसाची साखर रोज चहांत घालणाऱ्या आपलें काम आहे. समितीचे निष्कर्ष मराठींत घरोघर वाचले जावेत, मतें मागावयास येणाऱ्यांस त्यांवरून जाब विचारला जावा. हिशेबतपासनीस चूक दाखवितो; ती दुरुस्त करवून घेणें मालकाकडे असतें. लोकशाहींत मालक आपण आहों, याचा विसर आपल्यालाच पडला आहे.