कडेचे भान
कागदावर चित्र काढणाऱ्याच्या हाताला कागदाची कड प्रत्यक्ष लागत असते. परंतु संगणकाच्या पडद्यावर, इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलांचा ए-४ कॅनव्हास मोठा करून जो एखादी पापणी रंगविण्यात गढून जातो, त्याला आपण चित्राच्या कोणत्या मुलखात आहोत याचेच विस्मरण होते. 'क्रिता' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबून कॅनव्हास सरकविता येतो, 'एम' कळ दाबताच तो आरशातल्याप्रमाणे उलटा दिसतो आणि इतका वेळ नजरेआड राहिलेला चेहऱ्याचा तिरपेपणा क्षणात उघड होतो. हद्दीबाहेर गेलेला कुंचल्याचा फटकाराही तेथे नष्ट होत नाही. कॅनव्हास वाढविला की तो पुन्हा हजर होतो. ही सवलत मोलाची खरी. तथापि चौकट केव्हाही वाढविता येते म्हणून ती ठरविण्याची जबाबदारी टळत नाही, कारण काय वगळायचे याचा निर्णय हाच रचनेचा प्राण होय. म्हणून चित्रकलेच्या वर्गांत कुंचल्यांच्या प्रकारांआधी कॅनव्हासवरील ही ये-जा आणि कडेचे हे भान शिकविले जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.