खोकी किती? नव्हे, कोठे!

दिवाळी अंकात आवाजाविषयी लिहावयाचे म्हणजे फटाक्यांवर तुटून पडावे, अशी रूढी आहे. फटाका बिचारा एकदा वाजतो आणि मरतो. मला भांडावयाचे आहे ते उत्सवाच्या मैदानात तासन्‌तास धडधडणाऱ्या बेसच्या खोक्यांशी. किंबहुना ती मांडणाऱ्यांच्या आळसाशी.

गेल्या वर्षी आमच्या गावी एका मंडळाचा कार्यक्रम होता. रंगमंचाच्या डावीकडे सहा खोकी, उजवीकडे सहा. मधल्या रांगेत अध्यक्ष छातीवर हात ठेवून बसलेले. कडेला बसलेली माझी आई विचारी, "अरे, ढोलकी वाजते आहे, की नुसतीच दिसते आहे?" आणि रंगमंचामागच्या चाळीत एका आजारी म्हाताऱ्याच्या फळीवरली भांडी नाचत होती. साऊंडवाल्याला मी हे सांगितले, तर तो उत्साहाने म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला आणखी चार खोकी आणतो!"

हाच तो रोग, वाचकहो! हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 50 हर्ट्झच्या खर्ज आवाजाची लाट जवळजवळ 7 मीटर लांब. तळ्यात दोन खडे टाकून पाहा. लाटा कोठे एकमेकींना उचलतात, कोठे पुसून टाकतात. मैदानात तेच घडते. मधोमध दोन्हीकडच्या लाटा एकदम पोचतात व दुणावतात. कडेला जेथे एकीला साडेतीन मीटर जास्त चालावे लागते, तेथे त्या एकमेकींना मारतात. खोकी दुप्पट केल्याने हा खड्डा बुजत नाही. शिवाय एवढी लांब लाट खोक्याला वळसा घालून मागेही जाते. चाळीतली भांडी उगीच नाचत नाहीत.

उपाय काही गुप्तविद्या नव्हे. खोकी रंगमंचापुढे मध्यभागी एकत्र ठेवावीत. म्हणजे दोन बाजूंचे भांडण मिटते. तिनांतल्या एकाचे तोंड मागे फिरवावे, त्याचा ध्वनी उलटा करून मोजक्या मिलिसेकंदांनी उशिरा सोडावा. मग मागे जाणाऱ्या लाटा परस्परांना पुष्कळशा खोडून काढतात. पुढचा जोर थोडा घटतो, हे मान्य. पण त्यासाठी लागते काय? एक फीत, थोडे गणित आणि प्रेक्षक येण्यापूर्वी मैदानाला एक फेरी.

"आम्ही कायद्यात आहोत," असे कोणी म्हणेल. 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे खरी. पण ती ज्या 'ए' मापाने मोजतात, ते माप 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा धरते! काटा शांत आहे म्हणून भिंत शांत आहे, असे समजू नये.

तेव्हा पुढल्या वर्षी मुले वर्गणीला आली, की 'खोकी किती?' असे कौतुकाने विचारू नका. 'कोठे ठेवणार? आणि मागच्या चाळीत जाऊन कोण ऐकून आले?' असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नका. मी तरी लावणार नाही.