हिंगण्याची झोपडी आणि मुळशीचे जोते

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारेच वापरतो. ती उच्चारताना घर बांधून पाहणारा पुरुष असणार, हे आपण गृहीत धरलेले असते, आणि आपण ते गृहीत धरले आहे याची जाणीवही आपणांस नसते. मुळशी तालुक्यातील जुन्या मावळी घरात पावसाने धुपलेल्या भिंतीला लिंपण घालणारी, जमीन चोपून सारवणारी, चूल घालणारी स्त्रीच असे. दरवर्षी घर थोडेफार नव्याने बांधले जाई ते तिच्या हातांनी. तरीही हे घर कोणी बांधले असे विचारले, तर त्याच घरातली म्हातारी सासऱ्याचे नाव सांगते.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. आम्हांसही हा प्रश्न उशिराच सुचला. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली केंब्रिज येथील दोन महिला महाविद्यालयांत व्याख्याने दिली आणि पुढील वर्षी त्यांतून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक सिद्ध झाले. ते आम्ही वर्गात अनेकदा समजावून सांगितले आहे. पुरुषांच्या महाविद्यालयातील मेजवानी आणि स्त्रियांच्या महाविद्यालयातील बेताचे जेवण यांतील फरकावर विद्यार्थी हमखास हसतात. पण लिहिणाऱ्या स्त्रीला जी स्वतःची खोली हवी, त्या खोलीचा नकाशा कोणी काढायचा, खिडकी कोणत्या भिंतीला ठेवायची, हे विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. खोली कोणीतरी देईल आणि आपण तीत बसून लिहू, एवढ्यावरच आमची कल्पनाशक्ती थांबली.

म्हणूनच पुण्यातील कर्वेनगरचे डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालय आम्हांस विचार करण्याजोगे वाटते. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने ते १९९४ साली सुरू केले. त्याआधी १९९१ साली याच संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले होते. या परिसराचे जुने नाव हिंगणे. धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली १८९६ साली, आणि १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत, गावाबाहेरच्या माळावर, एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे चालत हिंगण्यास जात. ती झोपडी संस्थेने जतन करून ठेवली आहे. स्त्रियांचे वास्तुशिक्षण जेथे चालते, त्या आवारातली पहिली वास्तू एक झोपडी आहे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

त्या झोपडीपासून वास्तुकलेच्या वर्गापर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले तेव्हा अभ्यासक्रमात गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना मानाचे स्थान होते. स्त्रीचे क्षेत्र घर, तेव्हा घर उत्तम रीतीने कसे चालवावे ते तिला शिकवावे, असा तो विचार होता. त्या काळी तो पुढारलेलाच होता. आज त्याला नाके मुरडणे सोपे आहे. पण घर चालवण्याचे शिक्षण आणि घर उभे करण्याचे शिक्षण यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात भिंती आधीच ठरलेल्या असतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, आज मुलामुलींच्या एकत्र वास्तुकला महाविद्यालयांतही मुलींची वाण नाही. मग वेगळी चूल कशाला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९१५ साली केवळ स्त्रियांसाठी केंब्रिज स्कूल हे वास्तुकलेचे विद्यालय निघाले, आणि १९४२ साली हार्वर्डने आपले दार स्त्रियांना उघडताच ते बंद झाले. दार उघडल्यावर खिडकीची गरज नाही, असा हिशेब त्यामागे दिसतो. आम्हांस तो पटत नाही. प्रवेश मिळणे आणि व्यवसायात नाव उरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली जे. जे.मधून वास्तुकलेची पदविका मिळवली. त्यांचे नाव आमच्या किती वाचकांनी ऐकले आहे? नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मिळून मांडली, पण ती सांगताना बहुतेकांच्या ओठांवर कोरियांचेच नाव येते. बाहेरही तेच. १९९१ चे प्रिट्झकर पारितोषिक रॉबर्ट व्हेंच्युरी यांना एकट्यांना मिळाले. सहकारी आणि पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन यांना त्यात वाटा नव्हता. २०१३ साली हजारोंनी सह्या करून ती चूक सुधारण्याची मागणी केली, तीही समितीने मान्य केली नाही.

एकत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट मोजणीसाठी बाहेर पडतो तेव्हा काय होते, हे कोणीही पाहावे. अक्षर चांगले म्हणून आकडे लिहून घेण्याचे काम मुलीकडे येते. टेपचे टोक घेऊन छपरावर मुलगा चढतो. कोणी कोणावर जुलूम केलेला नसतो. सारे सवयीने घडते, आणि सवयीशी भांडणे जुलमाशी भांडण्यापेक्षा अवघड. जेथे सगळ्याच मुली आहेत तेथे छपरावर कोणीतरी मुलगीच चढणार, ओळंबा तीच धरणार, चुकीचे माप घेऊन बोलणी खाणारीही तीच असणार. चुकण्याचा हा अधिकार आम्हांस सगळ्यांत मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आम्ही झटकून टाकू इच्छित नाही. ‘मुलींचेच कॉलेज आहे म्हणून पाठवले’ असे सांगणारे वडील आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणजे कुंपण मुलीच्या स्वातंत्र्यासाठी जितके, तितकेच वडिलांच्या निश्चिंतीसाठी असते. हे खरे आहे. पण हिंगण्याचा इतिहासच अशा तडजोडीचा आहे. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या कर्व्यांनी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या प्रचारापासून अलग ठेवले, कारण एरवी लोकांनी लेकी पाठवल्याच नसत्या. तडजोड करून मुलगी आत आली. प्रश्न असा की पाच वर्षांनी बाहेर पडताना ती कोठे जाते.

ती कोठे जाते हे पाहायचे तर कर्वेनगरहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागावे. भूगाव, भुकूम, पिरंगुट. डोंगराच्या कडेकडेने परांच्या उभ्या. हिंगणे १९०० साली जसे गावाबाहेर होते, तसा हा मुलूख कालपरवापर्यंत शहराबाहेर होता. नकाशा ही निरुपद्रवी वस्तू नाही, हे मुळशीला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. टाटांच्या धरणाच्या नकाशात गावे बुडाली, त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळ्यांच्या बायकाही त्या लढ्यात उतरल्या. पुढे याच तालुक्याने लवासाचे सुबक नकाशेही पाहिले. ज्यांच्या जमिनीवर ते काढले जातात त्यांना रेषा दाखवल्या जातात त्या बहुधा ठरून गेल्यानंतर. आणि बायकांना तर त्याहूनही नंतर.

आमच्या परिचयातील एक तरुण वास्तुविशारद या रस्त्यावरच्या एका बांधकामावर देखरेखीला होती. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी तिने बीममधल्या रिंगांचे अंतर मोजले आणि काम थांबवले. मुकादम अदबीने म्हणाला, “मॅडम, ठीक आहे, पण सर कधी येणार?” सर नव्हतेच. तिने ते दोनदा सांगितले, मग रिंगा पुन्हा बांधल्या गेल्या. हा प्रसंग सांगताना ती हसली. हसली नाही ती दुसऱ्या गोष्टीवर. त्याच साईटवर वीस-पंचवीस बायका घमेली वाहत होत्या, वाळूच्या ढिगाआड साडीच्या झोळीत मूल निजले होते, आणि बायकांसाठी संडास नव्हता. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने शौचालये आवश्यक ठरवली होती. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघरही. पंचवीस बायका असल्या की त्या कायद्यालाही मूल दिसत नसे. “माझ्या एकाही ड्रॉइंगमध्ये या बायका नव्हत्या,” असे ती म्हणाली.

आमच्या मते स्त्रियांच्या वास्तुकला महाविद्यालयाची कसोटी येथे लागते. परीक्षेतील गुण आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थिनी यांवर ती लागत नाही. सरकारी घरकुल योजनांत आता घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे, हे चांगलेच झाले. पण नाव चढवण्यापूर्वी चूल कोठे हवी, धूर कोठून जावा, न्हाणीचे दार कोणीकडे उघडावे, हे तिला विचारण्याची पद्धत नाही. मुळशीच्या पावसात चार महिने सरपण कोरडे कोठे ठेवायचे, याचे उत्तर तिच्याजवळ असते. कर्वेनगरहून हा तालुका दूर नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला संग्रहालये आणि विमानतळ निवडणाऱ्या मुलींपैकी काहींनी जर पौडच्या पलीकडील एका वाडीतली दहा घरे बायकांशी बोलून मापली, तर आम्हांस अधिक आनंद होईल. संग्रहालयांवर आमचा राग नाही.

त्या तरुण वास्तुविशारदाने पुढच्या कामाच्या नकाशात सर्वांत आधी मजूर स्त्रियांचे संडास आणि मुलांसाठी एक सावलीची खोली दाखवली. हे कोणी सांगितले, असे कंत्राटदाराने विचारले. आम्ही लिहीत असताना संडास बांधून झाले आहेत. मुलांच्या खोलीत तूर्त सिमेंटच्या गोण्या आहेत, आणि त्या हलवण्यावरून रोज वाद चालू आहे.